चारचौघांत बोलण्याची परीक्षा



आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं जीं मुलें राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे खडकवासल्याच्या एन्. डी. ए. च्या, लेखी परीक्षेस बसतात, त्यांतील कांहीं तींत उत्तीर्णही होतात. गणिताचे ३०० व सामान्य पात्रतेचे ६०० मिळून ९०० गुण लेखी परीक्षेस असतात, आणि आमच्या मुलांस तें ओझें फारसें वाटत नाहीं. परंतु त्यापुढें सेवा निवड मंडळाच्या पांच दिवसांच्या परीक्षेस दुसरे ९०० गुण असतात, आणि तेथून बहुतेक जण परत येतात. परत आलेल्यांना जवळ बसवून आम्हीं विचारलें कीं, बाबांनो, अडलें कोठें? उत्तर निरनिराळ्या शब्दांत, परंतु बहुधा एकच आलें: "सर, तिथं सगळे एकदम बोलत होते. मला मधे शिरायलाच जमलं नाहीं."

हें ऐकून आम्हांस वाईट वाटलें, परंतु नवल वाटलें नाहीं. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत आज जो अभ्यास चालतो त्याची कीर्ति महाराष्ट्रभर आहे. 'लातूर पॅटर्न' हे दोन शब्द ऐकून दूरदूरच्या जिल्ह्यांतून आईबाप आपलीं मुलें येथें आणून ठेवतात. पहाटे उठणें, सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडविणें, चूक हुडकणें, पुन्हां सोडविणें, ही शिस्त थोर आहे व तिची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पण ही सारी तपश्चर्या एकट्यानें करावयाची असते. पुस्तक आणि घड्याळ यांवांचून मुलाजवळ दुसरें कोणी नसतें. दोन वर्षें असा राहिलेला मुलगा एके दिवशीं अर्धवर्तुळांत मांडलेल्या आठ-दहा खुर्च्यांपैकीं एकीवर जाऊन बसतो, आणि त्यास सांगण्यांत येतें कीं, आतां एकमेकांशीं बोला!

हें बोलणें म्हणजे काय, तें कोणीं व कशासाठीं सुरू केलें, आणि तेथें आपण कसें वागावें, याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें.

ही पद्धति दुसऱ्या महायुद्धांत रूढ झाली. तोंपर्यंत इंग्लंडांत सैन्याचे अधिकारी निवडतांना थोडक्या वेळाची मुलाखत घेत. उमेदवार कोणत्या शाळेंत शिकला, कोणत्या घराण्यांतला, त्याच्या बोलण्याची ढब कशी, यांसच तींत महत्त्व येई. युद्ध पेटल्यावर अधिकारी पुष्कळ लागूं लागले, आणि अशा रीतीनें निवडलेले कित्येक तरुण शिक्षण चालू असतांनाच अयोग्य ठरून परत पाठवावे लागले. तेव्हां सन १९४२ मध्यें तेथें मानसशास्त्रज्ञांच्या साह्यानें नवीं निवड मंडळें स्थापन झालीं. त्यांत काम करणारे मनोवैद्य विल्फ्रेड बायन यांनीं एक साधी युक्ति काढली. उमेदवारांचा एक गट करावा, त्यास एखादें काम किंवा विषय द्यावा, परंतु पुढारी मात्र नेमूं नये, आणि मग स्वस्थ बसून पाहावें. प्रत्येकास स्वतः निवडून यावयाचें असतें, आणि गटाचें काम तर सर्वांनीं मिळून केल्यावांचून पार पडत नाहीं. या ओढाताणींत कोण आपल्यापुरतें पाहतो आणि कोणास सोबत्यांचें भान राहतें, तें आपोआप उघड होतें. हिंदुस्थानांत असें पहिलें मंडळ सन १९४३ मध्यें डेहराडून येथें सुरू झालें. स्वातंत्र्यानंतरही आपल्या देशानें ही रीत चालू ठेवली, आणि आज प्रयागराज, भोपाळ, बंगळूर, म्हैसूर इत्यादि ठिकाणीं अशीं मंडळें बसतात.

जी पद्धति घराणें आणि उच्चार यांचें माहात्म्य कमी करण्याकरितां निघाली, तिलाच भिऊन आमचीं मुलें माघारीं येतात, हा एक चमत्कारिक प्रकार होय.

आतां प्रत्यक्ष काय होतें तें सांगतों. पहिल्या दिवशीं बुद्धिमापनाच्या प्रश्नांनंतर एक अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट दाखवितात. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयाची, मग गटांत बसून प्रत्येकानें ती मिनिटभरांत सांगावयाची, आणि शेवटीं सर्वांनीं मिळून एकच गोष्ट ठरवावयाची. येथेंच पुष्कळ उमेदवार गळतात व त्याच दिवशीं घरची वाट धरतात. जे राहतात त्यांच्या छातीवर क्रमांक लावलेले असतात, आणि त्या चार दिवसांत तो क्रमांक हेंच त्यांचें नांव. पुढें मानसशास्त्रीय कसोट्या, मुलाखत आणि गटाचीं कामें होतात. गटाच्या कामांचा आरंभ चर्चेनें होतो. सुमारें वीस वीस मिनिटांच्या दोन चर्चा असतात. एकींत दोन विषयांपैकीं एक गटानें निवडावयाचा, दुसरींत विषय दिलेला असतो. अधिकारी बाजूस बसून ऐकतात, मध्यें बोलत नाहींत. त्यानंतर एखाद्या गांवाची मातींत मांडलेली प्रतिकृति दाखवून एकाच वेळीं तीन-चार संकटें कोसळल्याची कथा सांगतात, आणि आधीं प्रत्येकाकडून लेखी, मग सर्वांकडून मिळून, तोड काढवितात. ज्यांनीं गोदावरीचा पूर नांदेडच्या घाटांवर पाहिला आहे त्यांस असलें कोडें परकें वाटण्याचें कारण नाहीं.

मंडळाचे तीन परीक्षक तीन वाटांनीं उमेदवारास पाहतात. त्यांचें सूत्रच मुळीं 'मनसा, वाचा, कर्मणा' असें आहे. मन मानसशास्त्रज्ञानें पाहावें, वाचा मुलाखत घेणाऱ्यानें, आणि कर्म गटाच्या अधिकाऱ्यानें. म्हणजे गटांतील चर्चा ही, दिसावयास बोलणें असली तरी, कर्मांत मोजली जाते! अधिकाऱ्याच्या अंगीं पाहिजेत असे पंधरा गुण मंडळानें ठरविले आहेत, आणि व्यक्त होण्याचें सामर्थ्य हा त्यांतील अवघा एक आहे. बाकीच्या चौदांत सहकार्य आहे, जबाबदारीची जाणीव आहे, इतरांशीं जुळवून घेणें आहे, निर्णयाची तत्परता आहे, गटावर प्रभाव पाडण्याची शक्ति आहे, धैर्य आहे. मुलें मात्र समजतात कीं ही वक्तृत्वस्पर्धा आहे, आणि तेथेंच घात होतो.

याचें एक उदाहरण आमच्याच शाळेंतलें देतों. गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांतील आठ मुलामुलींस क्रमांक देऊन आम्हीं अर्धवर्तुळांत बसविलें आणि विषय दिला: लातुरास रेल्वेनें पाणी आणणें हा शहाणपणाचा उपाय होता कीं नाहीं? माहितीचें एक चिटोरें आधींच प्रत्येकाच्या हातीं दिलें होतें. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडलें; मिरजेहून, सुमारें ३५० किलोमीटर अंतरावरून, दहा वाघिणींची पहिली गाडी १२ एप्रिल रोजीं लातुरास आली; एका वाघिणींत सुमारें ५० हजार लिटर पाणी; पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या; शहराची वस्ती सन २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें ३ लाख ८२ हजार. एवढेंच.

पहिल्या क्रमांकाच्या मुलानें तत्काळ तोंड उघडलें, आणि पाणी म्हणजे जीवन येथून आरंभ करून दोन मिनिटें भाषण केलें. त्यांत रेल्वे आलीच नाहीं. सातव्या क्रमांकानें त्यास मध्येंच तोडून ऊंसावर हल्ला चढविला: धरणाचें पाणी ऊंसानेंच खाल्लें, गाडी कसली आणतां? पहिला मुलगा ऊंस लावणाऱ्याच्या घरचा. तो संतापला, दोघांची जुंपली, आणि बाकीचे सहा जण कुस्ती पाहावी तसे पाहूं लागले. पांचव्या क्रमांकाचा मुलगा, ज्याचा आवाज आम्हीं वर्षभरांत दहा वेळांही ऐकला नसेल, तळहातावर बोटानें कांहीं आंकडे मांडीत होता. तो हळूच म्हणाला, "पन्नास वाघिणी म्हणजे पंचवीस लाख लिटर..." कोणीं ऐकलें नाहीं. तो पुन्हां म्हणाला. पुन्हां तेंच. आम्ही खिडकीपाशीं बसलों होतों. उठून त्याच्या साह्यास जावें असें फार वाटलें, परंतु नियम तो नियम, म्हणून गप्प राहिलों. इतक्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीनें हात किंचित् पुढें केला. "थांबा जरा. पांच नंबर हिशेब सांगतोय, तो ऐकूं. उसाचं नंतर घेऊं, सोडायचं नाहीं."

दोघे भांडणारे थांबले, आणि पांचवा बोलला. एका गाडीचें पाणी सगळ्या शहराला वांटलें तर माणशीं साडेसहा लिटर. "म्हणजे अर्धी घागर. प्यायला पुरेल. दुसऱ्या कशालाच पुरणार नाहीं."

या एका भागाकारानें चर्चेचें तोंडच फिरलें. गाडी ही जीव वांचविण्यापुरती होती, टंचाईवरचा इलाज नव्हे, हें सर्वांस एकदम पटलें, आणि मग टंचाईचा इलाज काय, हा खरा प्रश्न पुढें आला. पहिला आणि सातवा हेसुद्धां ठिबक सिंचनावर येऊन भेटले. आंकडे आठही जणांच्या हातीं होते. भागाकार एकानेंच केला होता.

चर्चा संपल्यावर आम्हीं विचारलें कीं, निवड करावयाची झाली तर कोणाची करावी? मुलांनीं एकमुखानें पांचव्याचें नांव घेतलें. आमचें मत थोडें निराळें पडलें. पांचव्यानें विषय जाणला हें खरें. परंतु तिसरीनें गट जाणला. ती नसती तर तो भागाकार त्याच्या तळहातावरच राहिला असता. आम्हीं दोघांचींही नांवें फळ्यावर लिहिलीं, तिचें वर लिहिलें. पांचव्यास मात्र आम्हीं मागाहून एकट्यास बोलावून सांगितलें कीं, प्रत्येक ठिकाणीं तुला तिसरा क्रमांक भेटेलच असें नाहीं. दुसऱ्यांदा बोलतांना आवाज पहिल्यापेक्षां चढा पाहिजे होता.

शिरावें कसें, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सगळे गप्प होतील आणि मग मी बोलेन, असें म्हणत बसणाऱ्याची वेळ येत नाहीं. वीस मिनिटांत तशी शांतता होत नसते. बोलणाऱ्याचें वाक्य संपतें तो क्षण धरावा, आणि त्याच्याच बोलण्याचा धागा उचलावा: "सात नंबरचें ऊंसाविषयींचें म्हणणें मला पटतें, परंतु त्या उन्हाळ्यांत तहान लागलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय?" अशा बोलण्यास दोन फायदे आहेत. ज्याचें नांव आपण घेतलें तो ऐकण्यास थांबतो. आणि आपण आतांपर्यंत ऐकत होतों हें परीक्षकास न सांगतां कळतें. बोलतांना दृष्टि सोबत्यांकडे असावी. अधिकाऱ्याकडे पाहून बोलणारा उमेदवार, आपणांस काम कोणाबरोबर करावयाचें आहे हेंच विसरलेला असतो.

पहिल्यानें बोलणारास जादा गुण मिळतात अशी एक समजूत शिकवणीच्या वर्गांतून पसरली आहे. विषयाचे दोन-तीन भाग पाडून गटापुढें नीट मांडतां येत असतील तर अवश्य आरंभ करावा. एरवीं पहिल्यानें बोललेलें पोकळ भाषण सर्वांच्या अधिक लक्षांत राहतें, इतकाच त्याचा फायदा! याच वर्गांतून कांहीं ठराविक इंग्रजी वाक्यें पाठ करून देतात. गटांतील चार जणांनीं तेंच वाक्य तेवढ्याच ठसक्यांत म्हटलें म्हणजे ऐकणाऱ्यांची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गप्प बसलेल्या सोबत्यास बोलतें करणें हें चांगलें काम आहे, परंतु तें करण्याची रीत आहे. "आठ नंबर, तुम्ही कांहींच बोलला नाहींत," असें म्हणणें म्हणजे चारचौघांत त्याचा कान धरणें होय. "आठ नंबर, तुमच्याकडे खेड्यांत टँकर किती दिवसांनीं येत असे?" असें विचारलें तर त्यास ठाऊक असलेली गोष्ट सांगावयाची असते आणि तो बोलतो. विषय अगदींच अनोळखी निघाला तर दोन-चार मिनिटें मन लावून ऐकावें, मग एखादा खरा प्रश्न विचारावा; नेमका प्रश्न हीसुद्धां चर्चेंत घातलेली भर आहे. आणि दुसऱ्याचें म्हणणें पटलें तर तसें उघड म्हणावें. आमच्याकडे मत बदलणें म्हणजे नाक कापून घेणें असें समजतात. परंतु ज्याच्या हाताखालीं उद्यां तीस माणसें राहावयाचीं आहेत, त्यास चुकीची वाट सोडतां येते कीं नाहीं, हें परीक्षकांनीं पाहूं नये तर काय करावें?

भाषेची गोष्ट आम्ही जाणूनबुजून शेवटाकडे ठेवली. या चर्चा इंग्रजींत चालतात, आणि तिचा सराव पाहिजे, यांत शंका नाहीं. तथापि सोपीं, लहान, पुरीं वाक्यें पुरतात. आमच्या मुलांस भीति वाटते ती व्याकरणाची नव्हे, हंसण्याची. पुण्यामुंबईच्या मुलांपुढें आपली मराठी रांगडी, मग इंग्रजीची काय कथा, असें त्यांच्या मनानें घेतलें आहे. आमचें म्हणणें उलट आहे. देगलूर-बिलोलीच्या मुलाच्या कानीं तेलुगु पडलेली असते, उदगीरच्या मुलाच्या कानीं कानडी. नांदेडच्या बाजारांत दखनी हिंदी बोलल्यावांचून भाजीसुद्धां नीट भावांत मिळत नाहीं. आठ प्रांतांचीं आठ मुलें जेथें एकत्र बसतात, तेथें असा कान तयार असलेला मुलगा मागें कां पडावा?

या लेखांतील बराचसा उपदेश आम्हीं स्वतः चुकून शिकलेला आहे, हें येथें कबूल करावयास पाहिजे. सुमारें वीस-बावीस वर्षांपूर्वीं, नुकती पदवी हातीं आली असतां, आम्हीही अशाच एका मंडळापुढें बसलों होतों. महाविद्यालयाच्या वक्तृत्वाचीं दोन पदकें घरीं पेटींत होतीं. आम्ही तीन वेळां बोललों, तिन्ही वेळां लांबलचक बोललों, आणि आमच्या डाव्या हातास बसलेला एक सडपातळ मुलगा कांहींतरी म्हणत होता त्याच्यावरून आमचा आवाज गेला. तो काय म्हणत होता तें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. पांचव्या दिवशीं निवडलेल्यांचे क्रमांक वाचले गेले, त्यांत आमचा नव्हता. गाडींत बसेपर्यंत आम्ही परीक्षकांस दोष देत होतों. मनमाड जवळ आलें तेव्हां कोठें तो डाव्या हाताचा मुलगा आठवला.

सैन्यांत जावयाचें नाहीं त्यांनीं हा लेख आपल्यासाठीं नव्हे असें समजूं नये. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेसारख्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन निघणाऱ्यांस कारखाने व कंपन्या नोकरी देतात, तेव्हां उमेदवार फार असले म्हणजे पुष्कळदां आधीं अशीच गटचर्चा घेऊन गाळणी करतात. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस मात्र लेखी परीक्षा आणि मुलाखत इतकेंच असतें, म्हणून त्या वाटेनें जाणाऱ्यांस ही भीति नाहीं.

पालकहो, आतां थोडें तुम्हांकडे. मोठीं माणसें बोलत असतां लहानांनीं तोंड घालूं नये, ही आपल्या घरची रीत. तींत मर्यादा आहे, ती मोडा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रात्रीं जेवतांना, यंदा सोयाबीन ठेवावें कीं आतांच विकावें, असा एखादा खरा प्रश्न मुलांपुढें टाकावा आणि त्यांचें पुरतें ऐकून घ्यावें. मुलीसही विचारावें. सन २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत मुलींस प्रवेश मिळूं लागला, आणि सन २०२५ च्या मे महिन्यांत पहिल्या सतरा मुली तेथून शिक्षण पुरें करून बाहेर पडल्या. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथें राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट सन १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांची या परीक्षेसाठीं तयारी करून घेत आली आहे. मुलींसाठीं तशीच संस्था आतां नाशिक येथें आहे.

आमच्या शाळेंत दर शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलींत आठ खुर्च्या अर्धवर्तुळांत मांडल्या जातात. क्रमांकांच्या पट्ट्या शिवणाच्या वर्गांतील मुलींनीं करून दिल्या आहेत. एक विद्यार्थी घड्याळ धरतो, आणि एक जण मागें बसून, कोण किती बोललें हें न टिपतां, कोणीं कोणाचें बोलणें पुढें नेलें तेवढेंच टिपतो. पांचव्या क्रमांकाचा तो मुलगा हल्लीं हें टिपण्याचें काम मागून घेतो. मागच्या शनिवारीं विषय होता, खेड्यांतील शाळा एकत्र कराव्या कीं नाहीं. टिपण करतां करतां त्याच्यानें राहवेना, आणि त्यानें मागूनच चर्चेंत तोंड घातलें. तें नियमाविरुद्ध असल्यामुळें आम्हांस त्याला थांबवावें लागलें. पुढच्या शनिवारीं त्याची खुर्ची अर्धवर्तुळांत ठेवली आहे.